दोन चाचण्या जुळू देत

प्रिय पोरी,
अनेक आशीर्वाद.

परवा रामन विज्ञान केंद्राच्या फाटकाशी तू विचारलंस, स्वतः घासलेला दुर्बिणीचा आरसा प्रदर्शनाला देऊ की नको. मी घाईत होतो, नीट बोललो नाही. तेव्हापासून चैन नाही. फूकोच्या चाचणीत, पात्याच्या कडेने आरशावरच्या सावल्या पाहतो तिच्यात, आरसा सुरेख दिसतो. पण दुर्बिणीत बसवून ध्रुवताऱ्यावर लावला की फोकसच्या आतली आणि बाहेरची ताऱ्याच्या उजेडाची वर्तुळं सारखी दिसत नाहीत, असंच म्हणालीस ना? मग विचारायचं काय उरलं? दोन चाचण्या जुळेपर्यंत आरसा हातातून सोडायचा नाही.

ध्रुव आपल्याकडे जेमतेम २१ अंशांवर, त्यात नागपूरची तापलेली हवा, म्हणून ती चाचणी कच्ची, हे तुझं म्हणणं. अगं, हबल अवकाश दुर्बिणीच्या वेळी हेच झालं! २.४ मीटरचा आरसा. ज्या उपकरणावर भिस्त ठेवून तो घडवला, त्यातलं भिंग १.३ मिलिमीटरने चुकीच्या जागी बसलेलं. दुसऱ्या साधनांनी दोष दाखवला होता. ती कमी अचूक म्हणून त्यांचं ऐकलं नाही. आरसा कडेला २.२ मायक्रॉन जास्त सपाट झाला, आणि ते कळलं १९९० साली, दुर्बीण वर गेल्यावर. दुरुस्तीला डिसेंबर १९९३ उजाडला. कच्ची चाचणीही खरं बोलते.

तुझ्या वहीच्या पहिल्या पानावर गोडार्ड पुरस्काराचं नाव आहे. तो रॉकेटवाल्या गोडार्डचा नाही, हे आधी दुरुस्त कर. हा जॉर्ज गोडार्ड, विमानातून छायाचित्रं घेणारा. १९२५ साली अमेरिकेतल्या रोचेस्टरच्या आकाशात प्रखर उजेडाचा बॉम्ब फोडून रात्री फोटो काढणारा. एसपीआयई ही संस्था त्याच्या नावाने खगोल, वातावरण आणि अवकाशासाठीच्या प्रकाशीय उपकरणांचा गौरव करते. उपकरणांचा! जेरी नेल्सनने १० मीटरचा आरसा ३६ षटकोनी तुकड्यांतून उभा केला. ती केक दुर्बीण १९९३ पासून काम करतेय. खगोलभौतिकीचा कावली पुरस्कार त्याला मिळाला २०१० मध्ये. तुला आठ दिवस धीर निघत नाही?

मलाही निघाला नव्हता. मे महिना, आरसा चमकवायची राळ मऊ पडलेली, माझ्या आरशाची कड दबली. मला ते दिसलं होतं. तारीख जवळ आली होती म्हणून तसाच दिला, पहिलं बक्षीस घेतलं. ती दुर्बीण एका शाळेत गेली. तिथल्या पोरांना शनीची कडी धूसर दिसायची आणि त्यांना वाटायचं, शनी असाच असतो. पुढे नोकरीत दोन चाचण्या जुळेनात म्हणून मी सही अडवली. वरिष्ठ चिडले, बढती गेली. घरचे अजून हट्टी म्हणतात. म्हणू देत. मी बरोबर होतो, आजही तसंच करीन.

दोन चाचण्या, पोरी. एकीवर काही द्यायचं नाही.

रविवारी पहाटेच ये, ऊन चढायच्या आत राळ दाबून घेऊ. चमकवायची पूड, सेरियम ऑक्साइड, माझ्याकडे आहे. प्रदर्शनाचा फॉर्म घरीच ठेव.

तुझा,
काका