रोजच पेपर, मग अभ्यास कधी?

"मॅडम, थांबलं तर फिटनेस जातो आणि नाही थांबलं तर पुन्हा दुखापत. करायचं काय?"

मी खेळाडूंची समुपदेशक. कॉलेजचा सीझन संपला की हा प्रश्न माझ्याकडे येतोच. कुणाचा गुडघा असतो, कुणाचा खांदा, भीती मात्र तीच. म्हणून एकीची गोष्ट सांगते. ओळख पटू नये इतके तपशील बदललेत आणि बऱ्याच भेटी चार संवादांत बसवल्यात.

ती ४०० मीटर धावायची. डाव्या पायाची हॅमस्ट्रिंग, म्हणजे मांडीमागचा स्नायू, दोन सीझनमध्ये दोनदा दुखावलेली. फिजिओने बरी झाल्याचं सांगितलं होतं. सरांनी बजावलं होतं, दोन आठवडे ट्रॅककडे फिरकायचं नाही. ही पहाटे चोरून धावत होती.

पहिल्या दोन भेटींत मी चुकलेच. विश्रांती किती गरजेची, ते तिला पटवत बसले. ती मान डोलवायची आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा ट्रॅकवर. तिसऱ्या भेटीत मी बोलणं कमी केलं, तेव्हा तिचा अंगठा दिसला. डावा हात मांडीखाली आणि अंगठा एकाच जागी दाबतोय. थांबतोय, परत दाबतोय.

"दुखतंय?"

"नाही."

"मग?"

"बघतेय, दुखतंय का ते."

दिवसातून किती वेळा बघतेस ते मोज, एवढंच काम दिलं. पुढच्या वेळी आली ती ओशाळून. "एका दिवसात ४३. मग मोजणंच सोडलं."

"आणि पहाटे काय करतेस?"

"एक तीनशे मारते, पूर्ण जोर लावून. टायमिंग घसरलं नाही ना, ते कळायलाच पाहिजे."

"कॉलेजचे पेपर वर्षातून किती वेळा देतेस?"

"दोनदा." मग बराच वेळ ती गप्प. अंगठाही थांबला होता. "मी इथे रोजच पेपर देतेय," ती म्हणाली. "अभ्यास एकही दिवस नाही."

इतक्या वर्षांत मी एक शिकलेय, अशा वेळी समुपदेशकाने तोंड उघडू नये. ते वाक्य मी सांगितलं असतं तर तिने पुन्हा मानच डोलावली असती.

मी अल्बर्ट एलिस या मानसशास्त्रज्ञाच्या वाटेने काम करते, म्हणजे त्रासामागचा हट्टी विचार शोधून तो बदलायला मदत करते. तिचा खरा त्रास स्नायूचा नव्हताच, 'कळायलाच पाहिजे' यातल्या त्या 'च'चा होता. शंभर टक्के खात्री मिळाल्याशिवाय चैन नाही, आणि शरीर तशी खात्री कुणालाच देत नाही. दाबून बघणं, टायमिंग लावणं, यातून घटकाभर बरं वाटतं आणि शंका दुप्पट होऊन परत येते. 'मांडी ठीक असावी असं मला वाटतं, पण आज ते कळलं नाही तरी मी आजचा व्यायाम करू शकते' इथवर यायला तिला पुढच्या तीन भेटी लागल्या.

आता अभ्यास म्हणजे काय, ते सांगते. आराखडा कोच आणि फिजिओनेच आखायचा, पण भीती कमी व्हायला थोडी माहिती लागते. संपूर्ण विश्रांतीत दम साधारण दोन ते चार आठवड्यांत उतरायला लागतो, ताकद त्याहून जास्त टिकते. सीझननंतरचे दोन आठवडे पोहणं, चालणं, हलकी सायकल असं काही चालू ठेवलं तर फारसं काही हातचं जात नाही. जोर लावून केलेली आठवड्याची एक-दोन सत्रंसुद्धा कमावलेली ताकद टिकवायला पुरतात.

धावताना हॅमस्ट्रिंग बहुधा फाटते ती पाऊल जमिनीला टेकण्याच्या किंचित आधी, जेव्हा तो स्नायू लांबत असतानाच झेपावलेल्या पायाला ब्रेक लावत असतो. म्हणून ब्रेक मजबूत करायचा. नॉर्डिक नावाचा व्यायाम त्यासाठीच आहे. गुडघ्यांवर उभं राहायचं, जोडीदाराने घोटे धरायचे आणि धड सरळ ठेवून, स्वतःला रोखत रोखत पुढे झुकायचं. नियमित करणाऱ्या संघांत या दुखापती जवळपास निम्म्यावर आल्याचं अभ्यासांत दिसलंय. पण पहिल्याच दिवशी दहा-पंधरा मारू नका, दुसऱ्या दिवशी जिना उतरवणार नाही. स्नायू लवकर तयार होतो, त्याला हाडाशी बांधणारा कंडरा सावकाश. आधी दुखावलेली जागा पुन्हा दुखावण्याचा धोका जास्त, त्यामुळे 'बरं झालंय' म्हणून हा व्यायाम सोडण्यासारखी चूक नाही.

एक गोष्ट मुली फार उशिरा सांगतात. सुट्टीत वजन वाढेल म्हणून त्या जेवण तोडतात. व्यायामाला पुरेल इतकं अन्न गेलं नाही की पाळी बंद होऊ शकते, हाडं कमकुवत होतात, हाडाला बारीक तडा जाण्याचा धोका वाढतो. लागोपाठ तीन महिने पाळी आली नाही तर आधी डॉक्टरांकडे जा, माझ्याकडे नंतर या.

सहाव्या आठवड्यात सरांनी तिचं धावणं सुरू केलं, पूर्ण वेगाच्या साठ-सत्तर टक्क्यांनी. स्टॉपवॉच सरांच्या खिशातच राहणार, ही अट तिनेच घातली.

शेवटच्या भेटीत हात मांडीखाली होताच. मी विचारलं, "कालचे किती?"

"सहा," ती म्हणाली. "त्यातले दोन वेळा, सर समोर उभे होते म्हणून."