लहान आतड्यात बॅक्टेरिया वाढलेत असं डॉक्टर म्हणाले, मग दही-प्रोबायोटिक खायचं की बंद करायचं?

तुम्ही म्हणताय की सगळीकडे पोटातले बॅक्टेरिया चांगले असं वाचलंय आणि डॉक्टर मात्र ते मारायची गोळी देतायत. माझं म्हापशात औषधाचं दुकान आहे, मी डॉक्टर नाही, पण काउंटरवर हा गोंधळ बरेचदा बघतो.

चांगले-वाईट सोडा, कुठे किती आहेत ते महत्त्वाचं. मोठ्या आतड्यात एका मिलीलिटरला 100 अब्जांच्या वर असतात आणि ते तिथे शोभतात. लहान आतड्याच्या वरच्या भागात जेमतेम काही हजार, खाली शेवटाला जाता जाता काही कोटी. वर कमी का, तर पोटातलं ॲसिड, पित्त, आणि झाडू. झाडू म्हणजे पोट रिकामं असताना दर दीड-दोन तासांनी वरून खालपर्यंत आकुंचनाची एक लाट जाते आणि उरलंसुरलं पुढे ढकलते, कधीकधी पोटात गुरगुरतं ते तेच. खाल्लं की ती थांबते. आता आमच्याकडे सकाळी पातळभाजी-पाव, दहाला पेज, दुपारी शीत-कडी, चारला चहा-भजी आणि चवथीत तर नेवऱ्यांचा डबा उघडाच, झाडू मारायला वेळ कधी मिळणार सांगा! अर्थात नुसत्या खाण्याने हा आजार होत नाही, जुना डायबेटिस, आतड्याचं ऑपरेशन अशी कारणं मागे असतात.

थोडे असले तर ते कामाचेच, जंतूमुक्त वाढवलेल्या उंदरांना चरबीसुद्धा नीट शोषता येत नाही. जास्त झाले की आपल्या आधी तेच जेवतात, गॅस तिथेच होतो, चरबी पचवायला लागणारे पित्ताचे क्षार मोडतात म्हणून तूप-तेल न पचता चिकट संडास होते, आणि बी-12 ते स्वतःच खाऊन टाकतात. गंमत म्हणजे फोलेट हे दुसरं बी-व्हिटॅमिन मात्र ते तयार करतात, त्यामुळे बी-12 कमी आणि फोलेट जास्त असा रिपोर्ट आला की डॉक्टरला शंका येते. 

तुमची ब्रेथ टेस्ट झाली का ते लिहिलं नाहीत. ग्लुकोज पिऊन ठराविक वेळाने फुंकायचं, हायड्रोजन आणि मिथेन मोजतात. मिथेन जास्त असेल तर बहुतेक बद्धकोष्ठ असतो, आणि मिथेन करणारे तर बॅक्टेरियाच नव्हेत, आर्किया म्हणून वेगळीच जात. रिफॅक्सिमिन, म्हणजे हे बॅक्टेरिया मारायचं औषध, लिहून दिलं असेल तर ते रक्तात फारसं जात नाही, आतड्यातच काम करतं, कोर्स पूर्ण करा. मूळ कारण तसंच राहिलं तर त्रास परत येतो हेही खरं.

दही जेवणात वाटीभर सोसत असेल तर खा, फुगत असेल तर सध्या नको. प्रोबायोटिक कॅप्सूल मी विकतो तरी सांगतो, या त्रासात त्यांचा ठोस पुरावा नाही, डॉक्टरने सांगितलं नसेल तर पैसे वाचवा.

आणि वर्षानुवर्षं ॲसिडिटीची गोळी घेत असाल तर ते डॉक्टरना आवर्जून सांगा, ॲसिड कमी म्हणजे जंतूंना दार उघडं. पण ती स्वतःहून एकदम बंद करू नका, ॲसिड उसळून येतं. आमच्या पेडण्याच्या मावशीने असंच कुठेतरी वाचून गोळी एकदम बंद केली आणि तिसऱ्या दिवशी रात्री अकराला माझा फोन वाजला, "अरे छातीत आग पडलीय, दुकान उघड!"