भावाचं जुनं कार्ड घेऊ का?

प्रश्न : मामेभाऊ २०१७चं जीटीएक्स १०८० टीआय ग्राफिक्स कार्ड स्वस्तात देतोय. दुकानदार म्हणतो, आरटीएक्स ३०६० घ्या. काय करू?

उत्तर : नुसते गेम खेळायचे असतील तर भावाचं घ्या. माझ्याकडे तेच आहे, अजून दमलेलं नाही! साध्या गेममध्ये दोघं जवळपास बरोबरीत धावतात. मेमरी ११ जीबी, तीही ३०६०पेक्षा वेगवान. मात्र ते २५० वॅट खातं, ३०६० १७०. त्यामुळे आधी पॉवर सप्लाय तपासा. रे-ट्रेसिंगचे, म्हणजे प्रकाश-सावल्या खऱ्यासारख्या दाखवणारे, खास कोअर भावाच्या कार्डात नाहीत; डीएलएसएस, म्हणजे एआयच्या मदतीने गेमचा वेग वाढवणारी सोय, तीही चालत नाही. ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये रेंडर (म्हणजे अंतिम चित्र तयार) करणार असाल तर मुकाट्याने ३०६० घ्या, पण १२ जीबीचंच. त्याचं ८ जीबीचं भावंडही निघालंय, नाव तेच, दम कमी. आणि भावाला विचारा, पंख्यातली धूळ शेवटची कधी काढली होती?