प्रकल्प घे, पण यंत्राला तुझा हात लागणार आहे का ते आधी विचार

प्रश्न : मी एमएस्सी भौतिकशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे. सरांनी प्रकल्पासाठी ‘मायक्रोवेव्ह वारंवारतेला द्रव स्फटिकांचे विद्युत गुणधर्म मोजणे’ हा विषय सुचवला आहे. मैत्रिणी म्हणतात, द्रव स्फटिक म्हणजे जुने टीव्ही, आता ओएलईडीचा जमाना आहे, त्यापेक्षा डेटा सायन्स कर. आई-बाबांनाही यातून नोकरी लागेल का ही काळजी आहे. काय करू?

उत्तर : माझ्या मते विषय घे. मैत्रिणी पडद्यांबद्दल बोलत आहेत आणि तिथे ओएलईडी पुढे येत आहे हे खरं आहे. सरांच्या डोळ्यांसमोर मात्र अँटेना आहे.

द्रव स्फटिक म्हणजे द्रवासारखे वाहणारे, पण रेणूंची दिशा स्फटिकासारखी शिस्तीत असलेले पदार्थ. त्यांतल्या नेमॅटिक प्रकाराचे लांबट रेणू साधारण एकाच दिशेला कललेले असतात. लहरीचं विद्युतक्षेत्र त्यांच्या लांबीच्या दिशेने असेल तर पर्मिटिव्हिटी (पदार्थ विद्युतक्षेत्राला किती प्रतिसाद देतो त्याचा आकडा) वेगळी, आडवं असेल तर वेगळी. बाहेरून व्होल्टेज देऊन रेणू वळवले की लहरीचा वेग बदलतो, म्हणजे फेज (लहर तिच्या चढउताराच्या कोणत्या टप्प्यावर आहे ते) बदलते. असे फेज शिफ्टर रांगेने बसवले की अँटेना जागचा न हलता आपला झोत वळवतो. उपग्रहाशी बोलणारे सपाट अँटेना या तत्त्वावर बनलेही आहेत, आणि २८ गिगाहर्ट्झच्या आसपासच्या ५जी पट्ट्यांसाठी यावर जोरात काम चालू आहे.

मग मोजायचं काय राहिलं? बरंच. ५सीबी हे द्रव स्फटिक घे. १ किलोहर्ट्झला खोलीच्या तापमानात त्याच्या दोन दिशांच्या पर्मिटिव्हिटीतला फरक दहाच्या वर असतो. मायक्रोवेव्हला तोच फरक एकच्याही खाली येतो, कारण इतक्या वेगाने उलटसुलट होणाऱ्या क्षेत्रामागे अख्खा रेणू वळू शकत नाही. म्हणजे पडद्यांसाठी छापलेले आकडे अँटेनावाल्याला लहरीसाठी थेट वापरता येत नाहीत. त्याला प्रत्येक मिश्रण त्याच्याच वारंवारतेला मोजून हवं असतं, आणि त्यात किती ऊर्जा वाया जाते तेही हवं असतं. जाडीचाही पेच आहे. पडद्यात थर ४ मायक्रॉनचा असेल आणि तुझ्या उपकरणात १०० मायक्रॉनचा, तर जाडी २५ पट होते. पण रेणू मूळ जागी परतायला लागणारा वेळ जाडीच्या वर्गाने वाढतो, म्हणजे ६२५ पट. मिलिसेकंदांचे सेकंद होतात. ही अडचण मला फार आवडते, कारण ती सोडवायला रसायन, भौतिकी आणि इलेक्ट्रॉनिक्स तिन्हीकडची माणसं एका टेबलाशी बसावी लागतात.

आता नोकरीचं. समुपदेशनाकडे वळण्याआधी मी काही वर्षं मापनाच्याच प्रयोगशाळेत होते. रिकाम्या रेझोनेटरची, म्हणजे ठरावीक वारंवारतेला घुमणाऱ्या पोकळीची, वारंवारता नोंदवायची, मग नमुना आत घालायचा. आलेखातलं शिखर खालच्या वारंवारतेकडे सरकतं आणि पसरट होतं. किती सरकलं त्यावरून पर्मिटिव्हिटी, किती पसरलं त्यावरून लॉस, म्हणजे वाया जाणारी ऊर्जा. एकदा दोन दिवस आमची पर्मिटिव्हिटी कमीच येत राहिली आणि आम्ही मिश्रणालाच दोष देत बसलो. शेवटी नळी उजेडात धरली, तर तळाशी टाचणीच्या डोक्याएवढा हवेचा बुडबुडा! हवेची पर्मिटिव्हिटी जवळपास १, त्यामुळे आकडा खाली ओढला जात होता. द्रव गरम करून, गढूळपणा जाऊन पारदर्शक झाल्यावर हळूहळू भरलं, तेव्हा आकडा ठिकाणावर आला.

आकड्यातलं नमुन्याचं किती आणि केबलचं, कनेक्टरचं, तापमानाचं, बुडबुड्याचं किती, हे वेगळं काढता येणारी माणसं आरएफ (रेडिओ वारंवारतेच्या) चाचणी प्रयोगशाळांना, सर्किट बोर्डाचं साहित्य बनवणाऱ्यांना आणि ७७ गिगाहर्ट्झचे कार-रडार बनवणाऱ्यांना लागतात. निव्वळ द्रव स्फटिकांच्या नोकऱ्या थोड्या आहेत आणि त्यांतल्या बऱ्याच पीएचडीनंतरच्या, हे आई-बाबांना स्पष्ट सांग. त्यांना हेही सांग की तू शिकणार आहेस ते मापन, आणि ते द्रव स्फटिकांपुरतं राहत नाही. डेटा सायन्सही सुटत नाही : रेझोनन्सच्या वक्राला पायथनमध्ये फिट बसवणं आणि त्यातली अनिश्चितता काढणं तुला रोजच करावं लागेल.

माझी अट मात्र एकच आहे. होकार देण्याआधी सरांना विचार, व्हेक्टर नेटवर्क अ‍ॅनालायझरवर (लहर सोडून किती परत येते आणि किती पलीकडे जाते ते मोजणारं यंत्र) आठवड्याला माझे स्वतःचे किती तास? कॅलिब्रेशन (केबल-कनेक्टरची चूक वजा करायला यंत्र जुळवून घेणं) मी करणार की तंत्रज्ञ करून देणार? उत्तर ‘तुला फक्त सिम्युलेशन करायचंय’ असं आलं, तर मी दुसरा विषय मागितला असता. कॅलिब्रेशन किट मात्र हातात मिळालं, तर पहिले पंधरा दिवस द्रव स्फटिकाला हातच लावू नकोस. टेफ्लॉनचा तुकडा मोज. त्याचा आकडा २.१ च्या आसपास सगळ्यांना ठाऊक आहे. तुझा तिथे येईपर्यंत पुढे जाऊ नकोस.

तुमच्याकडचा अ‍ॅनालायझर किती गिगाहर्ट्झपर्यंत जातो ते कळलं की मला लिही. रेझोनेटर घ्यावा की वेव्हगाइड (लहर वाहून नेणारी धातूची पोकळ नळी), ते त्यावरून ठरवू.