घोड्याच्या वर्षाचं अक्षर घड्याळात कसं?

प्रश्न: मी पुण्यात जपानी शिकतेय. 2026 घोड्याचं वर्ष म्हणून क्लासमध्ये नववर्षाची कार्डं दाखवली, तर त्यावर आम्ही शिकलेलं घोड्याचं अक्षर (馬) नव्हतंच, भलतंच (午) होतं, आणि तेच अक्षर 'गोझेन', 'गोगो' म्हणजे सकाळ-दुपारच्या वेळेतही येतं! असं का?
– एक वाचक, पुणे

उत्तर: तुम्ही अगदी बरोबर पकडलंत. त्या अक्षराचा मुळात घोड्याशी काही संबंधच नाही. 12 खुणांची एक जुनी चिनी माळ आहे, त्यातली ही सातवी खूण, आणि वर्षं, महिने, दिवसाचे तास, दिशा हे सगळं याच खुणांनी मोजायचे, प्राणी नंतर चिकटवले, सातवीला घोडा. अक्षराचा सगळ्यात जुना आकार बहुतेक अभ्यासक मुसळाचा मानतात, आणि गंमत म्हणजे जपानीत मुसळ लिहायचं असेल तर आजही याच अक्षराला बाजूला झाडाची खूण जोडतात.

आता घड्याळ. दिवसाचे भाग पण 12च, प्रत्येक दोन तासांचा, आणि सातवा येतो सकाळी 11 ते दुपारी 1. म्हणजे भर मध्यान्ह. म्हणून जपानीत गोझेन म्हणजे मध्यान्हाच्या आधी, गोगो म्हणजे नंतर. चिनीत याचा उच्चार 'वू', त्यावरून शांगवू, श्यावू. कोरियनमध्ये नुसतं 'ओ', तिथे ओजन आणि ओहू. व्हिएतनामी आता रोमन लिपीत लिहितात त्यामुळे अक्षर दिसत नाही पण 'ङो' हा शब्द टिकलाय, घोड्याच्या वर्षालाही तोच आणि भर दुपारलाही. धावणाऱ्या खऱ्या घोड्याला मात्र चिनी, कोरियन आणि व्हिएतनामीत रोजच्या वापरातला वेगळा शब्द आहे; जपानीत दोन्हींना 'उमा' म्हणतात, पण अक्षर वेगळं.

दिशांमध्ये ही खूण दक्षिणेची, आणि उंदराची खूण उत्तरेची. बीजिंगच्या राजवाड्याचा दक्षिणेकडचा मोठा दरवाजा म्हणून 'वूमेन'. आणि मला सगळ्यात आवडतं ते हे, की रेखावृत्ताला जपानीत 'शिगोसेन' म्हणतात, म्हणजे सरळ सरळ उंदीर-घोडा रेषा! जपानची प्रमाणवेळ ज्या 135 अंश पूर्व रेषेवरून ठरते ती आकाशी शहरातून जाते आणि ते शहर स्वतःला अभिमानाने शिगोसेनचं गाव म्हणवतं.

लिहिताना एक सांभाळा, उभी रेघ वर डोकावली की त्याचा बैल (牛) होतो.

घोड्याचं वर्ष दर 12 वर्षांनी येतं, पण 2026 चं साधं नाही, ते 60 वर्षांनी येणारं 'हिनोए उमा' आहे, म्हणजे अग्नी आणि घोडा एकत्र. अशा वर्षी जन्मलेली मुलगी तापट निघते, नवऱ्याचं आयुष्य कमी करते अशी जपानमध्ये समजूत होती, आपल्याकडे मंगळ असलेल्या मुलींबद्दल बोलतात ना, तसंच. आणि हे नुसतं बोलण्यापुरतं राहिलं नाही. 1965 मध्ये जपानमध्ये सुमारे 18 लाख मुलं जन्मली, 1966 मध्ये, म्हणजे मागच्या हिनोए उमाला, 13 लाख 60 हजारच्या आसपास, आणि पुढच्याच वर्षी आकडा 19 लाखांच्या वर! बुलेट ट्रेन सुरू होऊन दोन वर्षं झालेल्या देशात हे घडलं याचं मला फार वाईट वाटतं, कारण ज्या खुणेवर हा सगळा ठपका ठेवला ती फक्त मोजायची खूण होती, आणि त्या वर्षी जन्मलेल्या मुलींना मात्र ते ऐकतच मोठं व्हावं लागलं.