बद्रीनाथ दर्शनाला जोडून सतोपंथ ताल करता येईल का? सह्याद्रीचा अनुभव पुरेल का?

तुम्ही लिहिलंय की ग्रुपमधले सगळे दर महिन्याला सह्याद्रीत असतात, अलंग-मदन-कुलंग झालंय, बद्रीनाथला घरच्यांबरोबर जाणारच आहात, तर दोन दिवस वाढवून सतोपंथ ताल, म्हणजे बद्रीनाथच्या वर पायी गाठायचं ते तळं, उरकता येईल का, आणि गाइड लागतोच का. जोडता येईल. दोन दिवसांत होणार नाही. गाइड लागतोच, आणि तो तुमचं ऐकणारा नको, तुम्हाला ऐकवणारा हवा.

सह्याद्रीचं म्हणाल तर पायांपुरता तुमचा अनुभव भरपूर आहे. पण हिमालयात माणूस पायांमुळे अडकत नाही. आपल्या कळसूबाईचं टोक 1,646 मीटर. बद्रीनाथला गाडीतून खाली पाय ठेवलात की तुम्ही 3,100 मीटरच्या वर असता, आणि ताल 4,600 च्या आसपास. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम सत्तावन-अठ्ठावन टक्के. हरिश्चंद्रगडाची नळीची वाट किती तासांत मारली याच्याशी तुमचं शरीर त्या हवेत कसं वागेल याचा काडीचा संबंध नाही. उलट दणकट गडीच जास्त फसतात. ते भरभर चढतात, आणि डोकं दुखतंय हे सांगायची त्यांना लाज वाटते.

आमचा ग्रुप सतोपंथला गेला तेव्हा आमच्यातला असा एक जण होता. कमरेला दोर न लावता कातळ चढणारा, सगळ्यांच्या सॅका उचलणारा. लक्ष्मीवनाच्या मुक्कामापर्यंत तो पुढेच होता. तिथल्या भोजपत्राच्या झाडांखाली त्याने फोटो काढले, गाणी म्हटली. दुसऱ्या दिवशी सहस्रधारा ओलांडून चक्रतीर्थाला पोचेपर्यंत मात्र गप्प झाला. उन्हामुळे डोकं चढलंय म्हणाला. रात्री खिचडी पुढ्यात तशीच ठेवली. मी विचारलं तर म्हणे भूक नाही, तू नको आईसारखा मागे लागूस.

सकाळी तो बुटाची नाडी बांधायला बसला आणि ती त्याला बांधताच येईना. डाव्या हाताचा मोजा उजव्या हातात घालत होता. उठून तंबूबाहेर गेला तो झिंगल्यासारखा. आमचा गाइड बद्रीनाथच्या पुढच्या माणा गावचा, पन्नाशीचा, दिवसभरात दहा वाक्यं बोलला तर खूप. त्याने ह्याला सपाट गवतावर उभं केलं आणि एका पावलाच्या टाचेला दुसऱ्याचा अंगठा टेकवत सरळ रेषेत चालायला सांगितलं. चौथ्या पावलाला गडी आडवा. गाइड माझ्याकडे बघून म्हणाला, "सर, इनको अभी नीचे ले जाना पड़ेगा।"

आता आमच्या लीडरबद्दल. त्याला सगळे दादा म्हणतात, मीही म्हणतो. सह्याद्रीत त्याच्याइतका भरवशाचा माणूस मला माहीत नाही, हे आधीच लिहून ठेवतो. पण त्या दिवशी एकादशी होती. एकादशीला ब्रह्मा, विष्णू, महेश तालाच्या तीन कोपऱ्यांवर स्नानाला येतात अशी तिथली श्रद्धा. दादाने पुण्यातून निघतानाच अख्खी मोहीम त्या तिथीवर बसवली होती, मधे एकही मोकळा दिवस न ठेवता. त्याने खिशातून ऑक्सिमीटर काढून मित्राच्या बोटाला लावला. आकडा आला 81. "माझा 83 आहे. दोनचाच तर फरक. चालायला लागला की होईल ठीक."

दादा, त्या उंचीवर ऐंशीच्या घरातला आकडा धडधाकट माणसाचाही येतो. म्हणूनच आकडा बघायचा नसतो, चाल बघायची असते. डोकेदुखी, मळमळ, भूक मरणं इथपर्यंत माणूस त्याच उंचीवर थांबून, आराम करून सावरू शकतो. तोल जायला लागला म्हणजे मेंदूला सूज यायला सुरुवात झाली असं धरायचं आणि त्याच मिनिटाला उतरायचं. बसल्या जागी धाप लागत असेल तर फुप्फुसात पाणी भरतंय असं धरायचं, तेव्हाही उतरायचं. हे मी त्याला तिथेही सांगितलं होतं, इतक्या शांतपणे नाही.

मग दादाने महाभारत काढलं. ही वाट पांडवांच्या स्वर्गारोहणाची मानतात. द्रौपदी, सहदेव, नकुल, अर्जुन, भीम असे एकामागून एक पडले. कोण कुठे पडलं यावर दोन वाटाड्यांचं एकमत होत नाही, पण चक्रतीर्थाला बरेच जण अर्जुनाचं नाव लावतात. दादा म्हणाला, "युधिष्ठिर थांबला का? त्याने मागे वळून तरी पाहिलं का?" म्हटलं, मागे नसेल पाहिलं, पण शेवटी स्वर्गाच्या रथापाशी कुत्र्याला सोडून येत नाही म्हणून अडून बसला तोही हाच. त्यावर तो जे बोलला ते इथे लिहिण्यासारखं नाही.

गाइडचं म्हणणं होतं की सगळ्यांनीच उतरावं. पैसे दिलेत, वर जाणारच, असं दादाने त्याला सुनावलं. पुढच्या दगडांच्या रानात सात जणांना एकटं सोडणं त्याला पटेना, म्हणून तो त्यांच्याबरोबर गेला आणि आपल्या पुतण्याला, आमच्या पोर्टरला, त्याने आमच्याबरोबर दिलं. ते पोर विशीतलं. त्याने मित्राच्या कमरेला दोर बांधला, स्वतः मागे राहिला, आणि दोघांच्या सॅका मी घेतल्या. मित्र वाटभर मला शिव्या देत होता. लक्ष्मीवनाला पोचलो तेव्हा त्याने बिस्किटं मागितली. माणाच्या अलीकडे तो स्वतःच्या पायांनी, सरळ चालत होता. रात्री बद्रीनाथला डॉक्टरला दाखवलं तर तपासण्यात सगळं ठीक.

आणि इथेच माझं डोकं फिरतं. गेली कित्येक वर्षं दादा प्रत्येक गेट-टुगेदरला हेच सांगतो: बघा, संध्याकाळी ठणठणीत होता, डॉक्टरलाही काही सापडलं नाही, म्हणजे झालंच नव्हतं काही, ह्याने उगाच घाबरून त्याचा ताल घालवला. अरे, हजार मीटर उतरला म्हणून ठणठणीत झाला! उतरल्यावर बरं वाटलं हा आजार नसल्याचा पुरावा कसा? बादली ओतून आग विझवायची आणि मग विचारायचं की कुठाय आग. आता तर खुद्द मित्रही हसत हसत म्हणतो, मी पोचलो असतो रे. मला ग्रुपवर 'चक्रतीर्थ रिटर्न' म्हणतात. म्हणा.

ताल मी नंतर पाहिला, एका सप्टेंबरात, बायकोबरोबर, सावकाश जाऊन. चक्रतीर्थानंतर खड्या धारेवर चढायचं, आणि पलीकडे हिमनदीने आणून टाकलेल्या दगडांचा समुद्र. खाली बर्फ असतो, वर हलते धोंडे, वाट दर वर्षी बदलते. कोणीतरी रचलेल्या दगडांच्या ढिगांवर विसंबू नका, मागच्या वर्षीची वाट यंदा खचलेली असते. शेवटच्या धारेवर येईपर्यंत ताल दिसत नाही. मग एकदम हिरवं, त्रिकोणी पाणी, आणि डोक्यावर चौखंबा, 7,138 मीटर. मधूनच कुठेतरी हिमकडा कोसळल्याचा आवाज येतो आणि तो कुठे कोसळला हे शोधेपर्यंत सगळं संपलेलं असतं. साबण, भांडी, पाण्यात पाय असलं काही तिथे करायचं नाही. पहाटे निघा, दुपारी ढग भरायच्या आत परत धारेच्या अलीकडे या. मुक्काम चक्रतीर्थालाच.

दिवसांचा हिशोब: ऋषिकेशहून एका दमात बद्रीनाथ गाठू नका, जोशीमठला झोपा. बद्रीनाथला दोन रात्री, मधल्या दिवशी चरणपादुका किंवा माणावरून वसुधारा धबधबा करून खाली परत. मग लक्ष्मीवन, चक्रतीर्थ, ताल करून पुन्हा चक्रतीर्थ, आणि शेवटी माणा. वर एक दिवस कोरा ठेवा, आणि तो कशासाठी हे कोणालाही सांगू नका, नाहीतर आधीच खर्च होतो. 3,000 मीटरच्या वर झोपायची जागा एका दिवसात 500 मीटरपेक्षा जास्त उचलायची नाही हा साधा नियम, आणि वरचे मुक्काम त्यात कसेबसे बसतात. म्हणूनच एखादा मुक्काम गाळला की सगळं बिघडतं. घरच्यांना बद्रीनाथला थांबवणार असाल तर त्यांना नक्की तारीख देऊ नका. वसुधाराच्या पुढे फोनही विसरा.

पर्यटक म्हणून माणात फिरणं वेगळं आणि पुढे जाणं वेगळं. पुढच्या वाटेला जोशीमठहून (सरकारी कागदावर आता ज्योतिर्मठ) प्रशासनाची आणि वनखात्याची परवानगी लागते, चारधाम यात्रेची नोंदणी ती वेगळीच. स्थानिक नोंदणीकृत माणसाकडून हे होतं. जुलै-ऑगस्टला जाऊ नका, दरडींमुळे बद्रीनाथचा रस्ताच बंद पडतो. जूनमध्ये वर बराच बर्फ असतो, सप्टेंबरचा उत्तरार्ध ते ऑक्टोबरचा पहिला पंधरवडा मला सगळ्यात बरा वाटतो. आणि कोणी सांगेल की तिथून सरळ केदारनाथला उतरता येतं. शिप्टन आणि टिलमन हे ब्रिटिश गिर्यारोहक 1934 मध्ये असेच उतरले होते, खालच्या जंगलात अन्न संपून बांबूचे कोंब खायची वेळ आली. तुम्ही आपले माणाला परत या.

डायमॉक्सबद्दल, म्हणजे उंचीच्या त्रासावरच्या गोळीबद्दल, विचाराल म्हणून: प्रतिबंधासाठी साधारण 125 मिलिग्रॅम दिवसातून दोनदा घेतात, पण सल्फाची अॅलर्जी असेल तर डॉक्टरला विचारल्याशिवाय अजिबात नाही. मी डॉक्टर नाही. आणि गोळी घेतली म्हणजे मुक्काम गाळायचा परवाना मिळाला असंही नाही.

गाइड मात्र दोन घ्या, ग्रुप लहान असला तरी. खर्च वाढेल, पोर्टरच्या मजुरीत घासाघीस करून तो भरून काढू नका. दोन गाइड असले की कोणी उतरणार असेल तर बाकीच्यांचं नुकसान होत नाही, आणि उतरणाऱ्यालाही पुढे वर्षानुवर्षं ऐकून घ्यावं लागत नाही. निघायच्या आधी सगळ्यांसमोर ठरवून टाका की गाइड 'नीचे' म्हणाला की वाद संपला, लीडरचाही. हे व्हॉट्सअॅप ग्रुपवर लिहून घ्या. दादा, तूही वाच.