शब्दाला शब्द : सेट, सेटिंग आणि ‘ऑल सेट’

या सदरात मागे एकदा मी सहज लिहून गेले होते की इंग्रजीतला ‘सेट’ हा शब्द दिसतो साधा, पण आहे बेरकी. त्या एका वाक्यावर इतकी पत्रं आली की या महिन्याचं पूर्ण पान त्यांनाच देते. बाकीच्या वाचकांनी थोडी कळ काढावी.

प्रश्न : व्हॉट्सअ‍ॅपवर एक संदेश फिरतोय की ‘सेट’ या एकट्या शब्दाला ४३० अर्थ आहेत. मी स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करते. हे खरं आहे का? असेल तर एवढे अर्थ पाठ कसे करायचे?
– एक विद्यार्थिनी, बार्शी

आकडा खरा आहे, पण शिळा. ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी शब्दकोशाची दुसरी आवृत्ती १९८९ साली २० खंडांत निघाली. त्यात ‘सेट’ या क्रियापदाची नोंद सगळ्यांत लांब होती. नुसत्या क्रियापदाचे सुमारे ४३० अर्थ, त्याला ‘अप’, ‘ऑफ’, ‘इन’ अशी शेपटं जोडली की साधारण ५८०, आणि सगळी नोंद मिळून जवळजवळ ६०,००० शब्दांची. एवढ्यात एक बेताची कादंबरी होते. पुढे कोशाची नवी दुरुस्ती सुरू झाली, तीही ‘ए’पासून नाही तर ‘एम’पासून, आणि ‘सेट’ची गादी गेली. २००० साली ‘मेक’ पुढे गेला, २००७ मध्ये ‘पुट’, आणि २०११ मध्ये ‘रन’ने ६४५ अर्थांवर बाजी मारली. तेव्हा पुढच्या वेळी तो संदेश आला तर ‘पळा’ एवढंच उत्तर पाठव.

आता पाठ कसे करायचे? करायचेच नाहीत.

मराठीत आपण बसतो आणि लहान मुलाला बसवतो. पडतो आणि पाडतो. इंग्रजीतही कधीकाळी अशा जोड्या होत्या, त्यातल्या थोड्या उरल्यात. ‘फॉल’ म्हणजे पडणं, ‘फेल’ म्हणजे झाड पाडणं (परीक्षेतलं नापास होणं वेगळं, ते स्पेलिंगही वेगळं). ‘राइज’ म्हणजे उठणं, ‘रेझ’ म्हणजे उठवणं. आणि ‘सिट’ म्हणजे बसणं, तर ‘सेट’ म्हणजे बसवणं. बस, मूळ अर्थ एवढाच. आमच्या वर्गात पोरं ‘सीट डाऊन’ म्हणायची, काही जण ‘सेट डाऊन’. मी ओरडायचे खरी, पण मनात म्हणायचे, चुकताहेत तेही एकाच घरातल्या भावंडांत चुकताहेत.

हे एकदा डोक्यात बसलं की बघ काय होतं. सोनार अंगठीत खडा बसवतो, तिथे इंग्रजीत ‘सेट’. वैद्य निखळलेलं हाड बसवतो, तिथे ‘सेट’. छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवतात, तिथेही ‘सेट’. माझे वडील जुळारी होते. उजव्या हाताच्या चिमटीत एक एक शिशाचा खिळा उचलून डाव्या हातातल्या स्टिकमध्ये उलट्या ओळी रचायचे, आणि रात्री घरी आल्यावर ‘आज चार पानं लावली’ असं सांगायचे. लहानपणी मला वाटायचं, केळीची पानं लावली असतील.

त्या ‘लावली’वरूनच मला दुसरी किल्ली सापडली. जिथे ‘बसवणे’ चालत नाही तिथे बहुतेक वेळा ‘लावणे’ चालतं. गजर लावायचा, घड्याळ लावायचं, सापळा लावायचा, दही लावायचं, आग लावायची, कवितेला चाल लावायची. या सहाही ठिकाणी इंग्रज माणूस ‘सेट’ म्हणतो. मोल्सवर्थच्या १८५७ च्या मराठी–इंग्रजी कोशात ‘लागणें’ काढून बघ. भूक लागते, नोकरी लागते, दार लागतं, डोळा लागतो, निकाल लागतो, एखाद्याला बससुद्धा लागते. आपल्याला यातलं काही कुणी पाठ करायला लावलं होतं का? मग ‘सेट’लाच का घाबरायचं? ‘सेट’ दिसला की त्याच्या पुढचं नाम बघ, आणि त्या नामाबरोबर आपण घरी कुठलं क्रियापद वापरतो ते आठव. दहातल्या सात वेळा काम होतं. ‘मान्सून हॅज सेट इन’ हे वाक्य घे. कोशात ‘सुरू होऊन स्थिरावणे’ असं काहीतरी सापडेल. आपण म्हणतो, पाऊस लागला.

उरलेल्या तीन वेळांसाठी कोश उघडावा लागेल. सूर्याचंच बघ. तो इंग्रजीत ‘सेट’ होतो, पण त्याला कुणी बसवत नाही, तो आपला आपणच बसतो. नियम मोडणाऱ्याला मोडू द्यावं.

आणखी एक गंमत राहिली. ‘डिनर सेट’, ‘टी सेट’, नववीच्या गणितातला ‘संच’ हा जो ‘सेट’ आहे, तो मुळात या बसवण्याच्या घरातला नाहीच. तो जुन्या फ्रेंचमधून आला, आणि त्याच्या मागे लॅटिन ‘सेक्टा’ आहे, म्हणजे कुणाच्या तरी मागून जाणारी मंडळी. त्याच ‘सेक्टा’पासून पंथ या अर्थाचा ‘सेक्ट’ झाला. पुढे दोन्ही शब्दांचं रूप एकच झालं आणि अर्थ एकमेकांत मिसळले. तेव्हा तुझ्या आईच्या कपाटातल्या सहा कपबशा म्हणजे शब्दाच्या नात्याने एक छोटा पंथच आहे. एक कप फुटला की कशी चर्चा होते, आठव.

प्रश्न : मुलीसाठी स्थळ आलंय. परिचयपत्रात ‘मुलगा नेट-सेट’ लिहिलंय. सासूबाई म्हणतात, मुलगा इंटरनेटच्या धंद्यात सेट झालेला दिसतो. मला तसं वाटत नाही. कोणाचं खरं?
– एक आई, सांगली

तुमचं. या दोन परीक्षा आहेत. ‘नेट’ देशपातळीवरची आणि ‘सेट’ म्हणजे राज्य पात्रता परीक्षा. महाराष्ट्र आणि गोव्यासाठी ती सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेतं. पास झालं की महाविद्यालयात सहायक प्राध्यापक व्हायची पात्रता मिळते. पात्रता मिळते, नोकरी नाही. माझा एक भाचा दोन्ही परीक्षा पास आहे आणि सहा वर्षं तासिका तत्त्वावर शिकवतोय. दिवाळीला घरी आला की स्वतःच म्हणतो, “मावशी, मी सेट आहे, पण सेट नाही.”

त्याच्या वाक्यातला दुसरा ‘सेट’ आपला मराठी आहे, ‘सेटल’चा थोटका केलेला. ‘सेटल’चं मूळ जुन्या इंग्रजीत ‘बसण्याची जागा’ असं आहे. आपणही ‘संसाराची घडी बसली’ म्हणतो. तेव्हा सासूबाई अगदीच चुकल्या नाहीत, त्यांना हे जरूर सांगा. आणि मुलाकडच्यांना एवढंच विचारा, पगार महिन्याला येतो की तासावर. तासावर असला म्हणून स्थळ सोडू नका, पोरगा अभ्यासू असणार.

प्रश्न : शेतातल्या रस्त्याच्या वादात माझ्याविरुद्ध आदेश झाला होता. मी अपील केलं. निकाल इंग्रजीत आला, त्यात आदेश ‘सेट असाइड’ केल्याचं लिहिलंय. पुतण्याने अर्थ सांगितला, ‘बाजूला ठेवला’. म्हणजे पुन्हा कधीतरी बाहेर काढणार का? घरात कुणाला नीट झोप नाही.
– एक शेतकरी, परभणी जिल्हा

दादा, झोपा. कोर्टाच्या भाषेत ‘सेट असाइड’ म्हणजे रद्द केला. पुतण्याचाही दोष नाही. घरखर्चातून शाळेच्या फीसाठी पैसे ‘सेट असाइड’ केले तर ते खरंच बाजूला काढून ठेवलेले असतात, जपून, वापरायला. तोच शब्दप्रयोग पैशाला लावला तर राखून ठेवणं आणि आदेशाला लावला तर मोडीत काढणं. पुन्हा तेच, पुढचं नाम बघायचं.

एक मात्र करा. त्या वाक्याच्या खालच्या ओळी वकिलांकडून वाचून घ्या. तिथे ‘रिमांड’ असा शब्द असेल तर प्रकरण पुन्हा चौकशीसाठी खाली पाठवलंय असा अर्थ होतो. जुना आदेश गेला, पण सुनावणी परत होईल. या ‘रिमांड’चा पोलीस कोठडीशी काही संबंध नाही, तेव्हा पुतण्याने तेवढं भाषांतर करू नये.

प्रश्न : लेकीकडे न्यू जर्सीला गेले होते. हॉटेलात वाढणारी मुलगी येऊन म्हणाली, “यू ऑल सेट?” मला वाटलं, नीट बसलात ना असं विचारतेय. मी हसून “येस” म्हटलं, तर तिने बिल आणून ठेवलं. माझी कॉफी राहिली. मी काय म्हणायला हवं होतं?
– एक आजी, ठाणे

“नो, कॉफी प्लीज.” अमेरिकेत ‘ऑल सेट’ म्हणजे ‘झालं ना सगळं? आणखी काही नको ना?’ आपल्याकडे पंगतीत ‘पोट भरलं ना, आग्रह करू का’ विचारतात, तसंच, फक्त तिथे आग्रह होत नाही. दुकानात बिल दिल्यावर तीच मुलगी ‘यू आर ऑल सेट’ म्हणाली तर अर्थ ‘झालं तुमचं काम, निघा आता’. मी स्वतः एकतीस वर्षं इंग्रजी शिकवून तिथे गेले आणि विमानतळावर हेच वाक्य ऐकून दोन मिनिटं जागच्या जागी उभी राहिले होते. मागच्या माणसाने शेवटी खांद्यावर हात ठेवून वाट दाखवली.

प्रश्न : माझी डाळिंबाची बाग आहे. यंदा सेटिंग चांगली झाली असं म्हटलं की पुण्याचा जावई हसतो. म्हणतो, सेटिंग म्हणजे एक तर लाच नाही तर लफडं. शिकलेला आहे म्हणून गप्प बसतो. कोण बरोबर?
– एक बागायतदार, सांगोला

तुम्ही, शंभर टक्के. फूल गळून न जाता त्याचं फळ धरणं, याला इंग्रजीत ‘फ्रूट सेट’ किंवा ‘फ्रूट सेटिंग’च म्हणतात. कृषी विद्यापीठवाले ‘फळधारणा’ लिहितात. बहार मृगाचा असो, हस्ताचा की आंब्या, शब्द तोच.

इथे ‘सेट’ला मराठीत ‘धरणे’ हे तिसरं क्रियापद भेटतं. पातळ, सैल, डळमळीत असलेली गोष्ट घट्ट होते, धरते. पेरूची जेली धरते, सिमेंट धरतं. सिमेंटचं सांगायलाच हवं, कारण पुष्कळांना वाटतं की सिमेंट सेट होतं म्हणजे वाळतं. अजिबात नाही. सिमेंटची पाण्याबरोबर रासायनिक क्रिया होऊन ते घट्ट होतं. आपल्याकडच्या मानकाप्रमाणे साध्या सिमेंटने पहिल्या ३० मिनिटांत धरायला सुरुवात करायची नसते, आणि ६०० मिनिटांच्या आत पुरतं धरायचं असतं. त्यानंतरही ताकद यायला दिवस लागतात, म्हणून गवंडी स्लॅबवर पाण्याची आळी करून ठेवतो. वाळवायचंच असतं तर पाणी कशाला मारलं असतं?

जावईबापूंची ‘सेटिंग’ मात्र आपल्याच मातीतली पैदास. ‘त्याची साहेबांशी सेटिंग आहे’, ‘त्या दोघांची सेटिंग आहे’ ही वाक्यं लंडनमध्ये बोलून दाखवली तर कुणाला काही कळणार नाही. तिथे ‘सेटिंग’ म्हणजे अंगठीचं कोंदण, गोष्ट घडते ती जागा आणि काळ, नाहीतर मोबाइलमधली बटणं. आपला अर्थ चुकीचा आहे असं मी म्हणत नाही, चांगला कामाचा शब्द आहे, ‘मांडवली’च्या घराशेजारीच राहतो. पण तो ऑफिसच्या इंग्रजी ईमेलमध्ये घालू नये. आणि सासऱ्याच्या बागेवरून हसण्याआधी एकदा सांगोल्याला येऊन फुलं मोजावीत.

प्रश्न : ‘ही सेट द क्लॉक’ हे वाक्य वर्तमानकाळी की भूतकाळी? मुलाने वर्तमानकाळ लिहिला, शिक्षकांनी चूक दिली.
– एक पालक, चिपळूण

शिक्षक बरोबर. वर्तमानकाळ असता तर ‘ही’बरोबर ‘सेट्स’ आलं असतं. ‘पुट’, ‘कट’, ‘हिट’ यांचंही असंच, तिन्ही रूपं सारखी.

पण ‘आय सेट द क्लॉक’ असं असतं तर दोन्ही उत्तरं बरोबर. यात मी स्वतः एकदा फसलेय. सातवीच्या चाचणीत ‘आय सेट द प्लेट्स’ दिलं होतं. एका मुलाने भूतकाळ लिहिला, मी लाल फुली मारली. तो वही घेऊन आला आणि म्हणाला, “बाई, ताटं काल मांडली असली तर?” मी त्याला जागेवर पाठवलं. रात्री भाकरी थापताना लक्षात आलं की वाक्यात कुठेच ‘रोज’ नाही आणि ‘काल’ही नाही. दुसऱ्या दिवशी वर्गासमोर त्याचा अर्धा गुण परत दिला. त्या अर्ध्या गुणाने तो वर्गात चौथ्याचा तिसरा झाला आणि मला दोन प्रगतिपुस्तकं नव्याने लिहावी लागली.